मणातला ण

सोनचाफ्याचा वास आधी येई आणि मागोमाग ती. पांढऱ्या गणवेशाच्या खिशात, कात्री आणि थर्मामीटरच्या शेजारी, घरच्या वाडीतलं एक पिवळं फूल देठासकट खोचलेलं असे. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं तिरपं ऊन ज्या बाकावर पडे, त्या बाकासमोर ती येऊन उभी राही. दोन्ही हात पाठीमागे, आणि उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. रेणुका सिस्टर आठवू लागली की चेहरा उशिरा येतो. आधी येतात ते तिचे हे न दिसणारे हात, आणि त्यांच्या अदृश्य असण्याचा मला तेव्हा आलेला राग.

बिल्ल्यावर तिचं नाव 'रेणुका' असं लिहिलेलं होतं. ती स्वतः मात्र 'रेनुका' म्हणायची. माहेर खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातलं. तिथे पाण्याला पानी म्हणतात आणि म्हणून कुणाची तहान भागायची राहत नाही. सासर होळीचं. "मी होळीची" असं तिनं प्रथम सांगितलं, तेव्हा घाटावरून येऊन गोखिवऱ्यात फ्लॅट घेतलेली मी, तिचा जन्म फाल्गुनातल्या पौर्णिमेचा असावा असं समजले होते. होळी हे वसईतलं गाव आहे, तिथे केळी, भाजी आणि चाफ्याच्या वाड्या आहेत, हे मला इतकी वर्षं इथे राहून ठाऊक नव्हतं. स्वतःच्या दुखण्यात बुडालेल्या माणसाचा भूगोल फार आखूड होतो. माझा तर पलंगापासून मोरीपर्यंतच उरला होता.

वसईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात दर बुधवारी सांधेवाल्यांची ओपीडी भरते. 'सांधेवाले' हा तिथलाच शब्द, जणू आम्ही सांधे विकायला बसलो आहोत. माझा संधिवात झिजेचा नव्हे, सुजेचा. शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर चालून जातं, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं. घरच्याच माणसानं घरच्या माणसावर फिर्याद ठोकावी तसा हा प्रकार, आणि या खटल्याला सात वर्षं झाली होती. बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, खांदे आखडले होते. अंबाडा घालायला हात पाठीमागे जात नव्हते, म्हणून मी केस कापून टाकले होते.

पहिल्या बुधवारी मार्गशीर्षातली थंडी होती आणि माझ्या अंगात पाच बटणांचा स्वेटर. रक्तदाब बघायचा होता. सिस्टर म्हणाली, स्वेटर काढा. मी सवयीनं यजमानांकडे वळले; ते सवयीनं पुढे वाकले. तेव्हा तिनं त्यांना अगदी शांतपणे बसायला सांगितलं आणि मला म्हणाली, "तुम्ही काढा, ताई. मी थांबते."

आणि ती खरोखर थांबली. पाठीमागे हात बांधून, माझ्या बटणांकडे न बघता, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत. पहिलं बटण सुटायला किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही. पाचवं सुटेपर्यंत माझ्या मागच्या बाई दोनदा जागेवरून उठून बसल्या होत्या. तिथल्या बाकीच्या परिचारिका मायाळू होत्या. 'या हं, द्या इकडे' म्हणत चुटकीसरशी बटणं काढून देत, आणि त्यांच्या टेबलासमोरची रांग पाण्यासारखी पुढे सरके. हिच्याच वाट्याला मी का आले, असं मला झालं. या बाईच्या काळजाच्या जागी दगड आहे, असं तक्रारवहीत लिहावंसं वाटलं; पण लिहायला हात कुठे होता?

हात नव्हता, हेच तर दुःखाचं मूळ होतं. मी मुद्रितशोधक. सत्तावीस वर्षं घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासली. लोकांना चंद्रावर डाग दिसतो, मला छापील पानावर ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला दिसतो. एकच वेड, आकाश वेगळं. लाल पेन हे माझं शस्त्र होतं, आणि खरं सांगायचं तर माझा अहंकारही. बोटं कलली तसं पेन निसटू लागलं. आलेली मुद्रितं परत गेली, मग यायची थांबली. यजमान वालीवच्या एका लहान कारखान्यातून निवृत्त झाले आणि आयुष्यभर यंत्रांवर केलेली माया त्यांनी माझ्याकडे वळवली. भात कालवून देणं, केस विंचरणं, चष्मा नाकावर बसवणं, सगळं ते करत. मी तोंड उघडण्याच्या आत घास ओठाशी यायचा. त्यांच्या प्रेमाला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण त्या प्रेमाच्या गादीवर मी दिवसेंदिवस खोल रुतत गेले.

आणि मग एक दिवस कळलं, की रुतणंसुद्धा आता जाणवत नाही. आमच्या सोसायटीत टँकर येतो. त्याच्या पोटावर मोठ्या निळ्या अक्षरांत 'पिन्याचे पाणी' लिहिलेलं होतं. एरवी मी त्या टँकरवाल्याला खिडकीतून हाक मारून अर्धा तास व्याकरण शिकवलं असतं. त्या दिवशी मी ते वाचलं आणि मला काहीच वाटलं नाही. राग नाही, हसू नाही. अक्षरं डोळ्यांत शिरली आणि तशीच बाहेर गेली. रडू येत असतं तर मी कुणाला तरी सांगितलं असतं; 'काहीच वाटत नाही' हे कुणाला आणि कसं सांगायचं? माझी बोटं परत यावीत असं मला वाटेनासं झालं होतं. औषधं मी यजमान समोर बसतात म्हणून गिळत होते आणि संक्रांतीनंतर ओपीडीलाही यायचं नाही, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाशी भांडण नव्हतं. दुकान बंद करतो तसं करायचं होतं.

रेणुका सिस्टरची काम करण्याची एक रीत होती. आमच्या कार्डाची पुढची बाजू डॉक्टरांची. तिथे इंग्रजीत औषधांची नावं आणि तपासण्यांचे आकडे. मागची कोरी बाजू मात्र तिनं आपली मानली होती. तिथे ती दर बुधवारी पेशंटचे शब्द जसेच्या तसे, मराठीत, गोल गोल अक्षरात लिहून ठेवी. प्रश्न तीनच. सकाळी बोटं किती वेळानं सुटली? आपल्या हातानं काय केलं? काय करावंसं वाटलं? पहिल्या दोन प्रश्नांना मी काहीबाही सांगे. तिसऱ्याला माझं उत्तर ठरलेलं: काही नाही. ती मान हलवून 'काही नाही' असं लिही, समजूत घालत नसे, उपदेश करत नसे. चार बुधवार माझ्या कार्डाच्या पाठीवर एकाखाली एक 'काही नाही' उभे राहिले.

पाचव्या बुधवारी थंडी कडाक्याची होती आणि मी वैतागलेली. संक्रांत जवळ आली होती. म्हणजे माझ्या हिशेबानं शेवटचाच बुधवार. तिनं पहिला प्रश्न विचारला तेव्हा मी तुटकपणे म्हटलं, "काय सांगायचं रोज रोज? सकाळी हात मणभर जड होतात." तिनं ते लिहिलं, कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुढच्या बाईंकडे गेली. डॉक्टरांचा बोलावा यायला वेळ होता. कार्ड पालथं पडलं होतं. वाचायची इच्छा नसली तरी सत्तावीस वर्षांची खोड डोळ्यांना असते. मी वाचलं.

'सकाळी हात मनभर जड होतात.'

मनभर. मणातल्या ण-चा न. कानशिलं तापली. मी सांगितलेलं वाक्य, माझ्या नावाच्या कार्डावर, माझ्या डोळ्यांदेखत, अशुद्ध! मण हे वजनाचं माप आहे, चाळीस शेरांचं, आणि मन म्हणजे मन. दोहोंत काही फरक आहे की नाही? मी सिस्टरला हाक मारली आणि पेन मागितलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला, इतका तो करकरीत होता. तिनं खिशातून पेन काढलं. जाडजूड, गॉझपट्टीचे वेढे देऊन अंगठ्याएवढं केलेलं. यजमानांनी लगबगीनं हात पुढे केला, काय लिहायचं ते सांग म्हणून. तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि हात पाठीमागे नेऊन उभी राहिली.

न सोपा आहे. एक आडवी रेघ, एक उभी, मध्ये गाठ. ण मात्र हट्टी. त्याला दोन उभ्या रेघा लागतात, आणि पहिलीला डावीकडून पोट. लहानपणी 'ण बाणाचा' म्हणून शिकवतात, कारण त्यानं सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही. बिचारा नेहमी कुणाच्या तरी पाठीशी उभा. मी आधी न-वर तिरकी रेघ मारली. मग समासात ण काढायला लागले. पट्टीचं खरबरीत कापड तळव्याला लागत होतं, अंगठ्याच्या मुळाशी कळ उठत होती, आणि पाय मोडलेल्या खुर्चीसारखा एक वाकडातिकडा ण हळूहळू कागदावर उभा राहत होता. दीड वर्षात मी लिहिलेलं ते पहिलं अक्षर.

काम झालं म्हणून मी वाक्य पुन्हा वाचलं. तपासलेलं वाक्य पुन्हा वाचायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. आणि वाचता वाचता थांबले. मी नेमकं काय खोडलं होतं? हात मनभर जड होतात. सकाळी डोळे उघडल्यावर छातीवर जे येऊन बसतं ते हातांपुरतं कुठे असतं? ते मनभरच असतं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सात वर्षांत कुणालाही जे सांगता आलं नाही, ते या बाईच्या चुकीच्या शुद्धलेखनानं एका शब्दात सांगून टाकलं होतं, आणि मी त्याच्यावर रेघ मारली होती. बाकावर, सगळ्या सांधेवाल्यांच्या देखत, मला रडू कोसळलं.

ती घाबरली. "चुकलं का माझं, ताई?"

"नाही सिस्टर," मी म्हटलं, "तुम्ही लिहिलंत तेच खरं आहे."

तेव्हा ती प्रथमच माझ्याशेजारी बाकावर बसली. हात मात्र अजून पाठीमागे. म्हणाली, "सांधा सुजला तर आम्ही दाबून बघतो. मन पन सुजतं, ताई. ते दाबून बघायला कोनी येत नाही."

मग तिनं तिच्या आईचं सांगितलं. आईला हेच दुखणं. भात लावणारे हात, एका पावसाळ्यात आखडले. घरात पाच मुली. पाचही जणी आईवर जीव टाकणाऱ्या. एकीनं वेणी घालायची, एकीनं भरवायचं, एकीनं लुगडं नेसवायचं. आई पडवीत बसून राहिली, हात मांडीत ठेवून. पुढे बोलणंही थांबलं. सगळ्यांना वाटे, दुखण्यानं बोलत नाही. दुखणं त्या मानानं कमीच होतं. "आम्ही पाच बहिनींनी मिळून आईचे हात काढून घेतले," ती म्हणाली. "प्रेमानं. म्हनून मी माझे बांधून ठेवते. पुढे ठेवले की धावतात." मी तिच्या पाठीमागे वाकून पाहिलं. मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते. माझी पाच बटणं सुटेपर्यंत त्या हातांनी काय सोसलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. तक्रारवहीत माझी तक्रार उतरली नाही, यात माझ्या दुखण्याचेच उपकार होते.

डॉक्टरांनी कार्ड उलटून पाहिलं. खोडलेला न, लंगडा ण, खाली शाईत उतरलेला अश्रूचा डाग. त्यांना वाटलं, कुणीतरी गिरगटलं आहे. मी सांगितलं, दोन्ही अक्षरं बरोबर आहेत. त्या दिवशी प्रथमच त्यांनी बोटांचं सोडून बाकीचं विचारलं. झोप, भूक, आवड, पहाटेचे विचार. सांध्यांच्या अशा आजारात नैराश्य येणं फार सामान्य आहे, तो स्वभावाचा दोष नाही, आळस तर नाहीच. तोही आजारच आहे आणि त्याला औषध आहे, असं म्हणाले. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. सांध्यांचीही औषधं बदलली. परतताना यजमान म्हणाले, मला वाटायचं तू दमली आहेस. त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता, आणि तो माझ्याच्यानं ऐकवेना.

दुसऱ्या दिवसापासून घरात वेगळीच तऱ्हा सुरू झाली. मी ताटात भात कालवायची, आणि समोर बसलेला हा गृहस्थ दोन्ही तळवे आपल्या मांडीखाली दाबून ठेवायचा. दहा वेळा हात सुटू पाहत, दहा वेळा तो त्यांच्यावर अधिक जोर देऊन बसे. जेवण चालू आहे की तपश्चर्या ते कळेना. कित्येक महिन्यांनी मला हसू आलं ते या दृश्याचं.

उजाडतं तसं मन हळूहळूच उजाडलं. नक्की कोणत्या क्षणी अंधार सरला ते सांगता येत नाही. मधे वाईट आठवडे आले, पुन्हा पलंग, पुन्हा भिंतीकडे तोंड. सिस्टर कार्डावर तेही लिहून ठेवी. पण संक्रांत आली आणि गेली, आणि बुधवार चालू राहिले. मग फाल्गुनात एके सकाळी रिक्षातून ओपीडीला निघाले असताना, नव्यानं उघडलेल्या एका हॉटेलाची पाटी दिसली. 'शुध्द शाकाहारी'. ध-ला द, की द-ला ध? जगातले सगळे शब्द चुकवा, पण शुद्ध हा शब्द अशुद्ध? मी रिक्षा थांबवायला लावली. आत जाऊन मालकाला द-च्या पायाशी ध कसा बसतो ते सांगितलं. मालक भला माणूस, चहा घेता का म्हणाला. बाहेर येऊन पाहते तो यजमान रिक्षात बसून रुमालानं डोळे पुसत होते. पुढे 'वसई पुर्व', 'येथे गाडी लावु नये', 'महत्वाची सुचना' अशी एकेक रत्नं दिसत गेली आणि माझा पारा चढत गेला. अख्ख्या शहरानं माझ्यासाठी चुका मांडून ठेवल्या होत्या. इतकी समृद्धी मी दोन वर्षं पाहिली नव्हती!

सिस्टरला हे सगळं सांगितलं. काय करावंसं वाटलं, या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी लांबलचक होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कार्डावर एकच वाक्य लिहिलं: 'आज ताईंना पाटीचा राग आला.' त्याच्याखाली तिनं एक रेघ ओढली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र आहे.

त्यानंतरच्या बुधवारी तिनंच ण-चा विषय काढला. तिच्या निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. नर्सिंग शिकायला मुंबईला गेली तेव्हा वसतिगृहातल्या मुली तिला मुद्दाम पाणी मागायला लावत आणि ती 'पानी' म्हणाली की उशीत तोंड खुपसून हसत. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही त्याच मुलींतली. मी म्हटलं, तुमचा न तुमच्या माहेरचा आहे, सोन्यासारखा आहे, त्याच्यामुळेच मी वाचले, तो बदलू नका. ती हसली. न राहू दे की, म्हणाली, तो कुठे जातो. पण घरात आणखी एक भांडं आलं तर काय बिघडलं? आणि मग, जरा लाजत: "बिल्ल्यावर लिहिलंय तसं माझं नाव मला एकदा म्हनायचंय. शिकवा, बाई."

ताईची मी बाई झाले. तेव्हापासून दर बुधवारी आमची देवाणघेवाण चाले. ती माझी बोटं वळवायला लावी, मी तिची जीभ. ती म्हणे, मूठ मिटा, अजून, अजून. मी म्हणे, जिभेचं टोक टाळूकडे न्या, मागे, आणखी मागे. माझे खांदे सुटावेत म्हणून ती भिंतीवर बोटं चालवायला लावी, पाठीमागे टॉवेल धरून वर-खाली ओढायला लावी. मी टॉवेल ओढत 'बाण' म्हणे आणि ती 'बान' म्हणे, आणि रांगेतल्या बायका सल्ले देत. आखडलेले सांधे दोघींचेही होते, एकीचे बोटांत आणि एकीचे जिभेत. कधी माझी मूठ मिटे पण तिचा बाण सुटत नसे. कधी ती 'पाणी' म्हणून जाई आणि मला साधं झाकण उघडत नसे.

आश्विनात, बाहेर भात पिवळा पडत असताना, माझ्याकडे सोळा पानांचं मुद्रित आलं. मग चाळीस पानांचं. दिवाळीनंतर एक अख्खं पुस्तक. गॉझ गुंडाळलेल्या लाल पेनानं मी ते तपासलं, दिवसाला सहा पानं, उन्हाच्या कवडशाबरोबर खुर्ची सरकवत. शेवटच्या पानावर सही केली तेव्हा बोटं सुजली होती आणि मी गाणं गुणगुणत होते. सूज काही माझं घर सोडून गेली नव्हती. आजही गेलेली नाही. पण घर कुणाच्या नावावर आहे, हे आता तिलाही ठाऊक झालं होतं.

वैशाखात रेणुका सिस्टर निवृत्त झाली. निरोपाला ओपीडीतच टेबलं सारून खुर्च्या मांडल्या होत्या. मी तिला पत्र लिहिलं होतं, स्वतःच्या हातानं, तीन सकाळी खर्चून, दोन पानं. त्यात एक वाक्य मी मुद्दाम घातलं: 'तुम्ही माझं मनभर ओझं उतरवलंत.' न-नं लिहिलं, तिच्या माहेरच्या न-नं, तिला मानवंदना म्हणून. ती उभ्यानंच वाचू लागली. आणि एका ओळीवर थबकली. तिचे डोळे भरून येतील असं मला वाटलं; भरण्याऐवजी ते चमकले. पाठीमागे राहणारे ते हात पुढे आले, खिशातून जाड पेन निघालं, आणि मी शिकवलेल्या रीतीनं तिनं त्या न-वर तिरकी रेघ मारली आणि समासात एक ठसठशीत, दोन पायांवर ताठ उभा ण काढला.

"बाई, तुमच्याकडून चूक?" ती म्हणाली. "मणभर. मणातला ण."

ण. टाळूला लागून सुटलेला, स्वच्छ, घंटेसारखा. सगळी ओपीडी ऐकत होती. मी मुद्दाम लिहिलं होतं हे मी तिला सांगितलं नाही, आजतागायत सांगितलेलं नाही. सत्तावीस वर्षांच्या आणि त्यानंतरच्याही माझ्या कारकिर्दीत कुणी माझी चूक काढली आणि मला धन्य वाटलं, असं ते एकदाच घडलं. नंतर तिला बोलायला सांगितलं. ती म्हणाली, मला भाषन येत नाही. मग बिल्ल्यावर बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "मी रेणुका." आणि खाली बसली. टाळ्या मीही वाजवल्या. बोटं दुखली, तरी वाजवल्या.

पत्र ती घेऊन गेली. माझ्याकडे ते जुनं कार्ड उरलं आहे. त्याच्या पाठीवर चार वेळा 'काही नाही' आहे, आणि त्याखाली खोडलेला तिचा न आणि माझा लंगडा ण शेजारी शेजारी आहेत. बुधवार येतात. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन त्याच बाकावर पडतं, पण आता त्याला चाफ्याचा वास नाही. तिच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, चपळ आहे, तिच्या हाताखालून रांग भराभर सरकते. रेणुका सिस्टर होळी गावातल्या आपल्या वाडीत सुखात असते असं ऐकते. मीही जाईन म्हणते आणि जात नाही. भेटीची ओढ अशी राखून ठेवायलाही काही जणांना आवडतं, मी त्यांतली.

गेल्या बुधवारी माझ्याशेजारी एक बाई येऊन बसल्या, माझ्याहून लहान, सोबत मुलगी. त्यांच्या पर्सची चेन अडकली होती आणि कललेल्या बोटांनी त्या ती ओढत होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो कोरा चेहरा मी आरशात पाहिलेला आहे. मुलगी पुढे वाकली. माझेही हात उठले, अगदी धावलेच. आणि मग माझ्या नकळत ते मागे फिरले, पाठीमागे गेले, जिथे अंबाड्यासाठीसुद्धा वर्षानुवर्षं जाऊ शकले नव्हते तिथे, आणि उजव्या हाताला डाव्याचं मनगट सापडलं. मी मुलीकडे पाहून 'नको' अशी मान हलवली आणि त्या बाईंना म्हटलं, "उघडा तुम्ही. मी थांबते."

वेळ लागला. ऊन बाकाच्या कडेवरून खाली उतरलं. माझं मनगट दुखत होतं आणि मी ते सोडलं नाही. चेन सुटल्याचा बारीक आवाज आला, तेव्हा त्या बाईंनी वर पाहिलं. काळ माणसाला समोरून घेऊन जातो हे खरं. पण गेलेलं माणूस आठवणीत समोर येऊन उभं राहत नाही, ते आपल्या पाठीशी, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून उभं असतं, आणि आपलं आपल्याला करू देतं.